फवारणीची बादली

आज सकाळपर्यंत हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर अडखळू द्या, पण विषय बदलू देऊ नका. ते मला फार छान जमतं.

मी तापीकाठच्या लालबागला राहते, शाळेत विज्ञान शिकवते. उन्हाळ्यात तापी आटली की खडकांतल्या डबक्यांत मासे अडकून राहतात. नदीत काय उरलंय ते कळावं म्हणून आम्ही चार-पाच जण ते मोजतो. डबकी दाखवतात काशिनाथकाका. जन्मभर तापीत जाळं टाकलेला माणूस! त्यांचा नियम एकच : "मॅडम, मासा पाण्यातच पाहायचा. त्याच्या घरी जाऊन त्यालेच बाहेर काढता का?" तळाला काच लावलेला डबा पाण्यावर धरायचा, गुपचूप बसायचं, मोजायचं, उठायचं.

पण मला गुपचूप बसता येतं कुठं? तीन वर्षांपूर्वी काका यायच्या आधीच मी एकटी पोचले. मासे सारखे खडकाखाली पळत होते, आकडा जमेना. मी चिडले. गाडीत बाबांच्या केळीच्या शेतातली बादली होती. तिच्यात काढले की पटकन मोजून होतील, कोण बघतंय? विसळली होती हो, दोनदा... फवारणीचं औषध कालवायची बादली अशी विसळून साफ होत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलीला कुणी सांगायला हवं का?

बेचाळीस मोजले. खूश झाले — अगदी! मग पाण्यासकट डबक्यात ओतले. थोड्या वेळानं एक उलटा झाला. मग दुसरा. मग त्या डबक्यात जे जे होतं, ते सगळंच.

मी बादली लपवली. वहीत लिहिलं : ‘कुणीतरी औषध टाकलेलं दिसतं.’ काय हुशारी, नाही? मासे मारायला काही लोक पाण्यात औषध टाकतातच. आणि ते डबकं नीट ठाऊक कुणाला? काकांना. संशय त्यांच्यावरच गेला. तिथं गावची ढोरं पाणी पितात, गाव खवळलं. घाटावर लोक काकांना पाहून थुंकले. मी तिथंच उभी होते, मूग गिळून. काकांनी नदीवर येणंच सोडलं. वर मी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन आले — धीर द्यायला! चोर तो चोर, वर शिरजोर.

गेल्या पावसाळ्यात मोठ्या पुरानं डबकं धुऊन काढलं. परवा तिथं मासे दिसले. इतका आनंद झाला की मी रडले. आणि मग लक्षात आलं — मासे परत आले, काका नाही आले.

आज सकाळी हातापाया पडून त्यांना घाटावर घेऊन गेले. जे थुंकले होते त्यांच्यासमोरच बोलले. सगळं. बादलीसकट. लाज वाटली, पण बोलले. काका उठले आणि खडकांकडे चालू लागले. मी मागे. डबक्याशी उकिडवे बसून त्यांनी काचेचा डबा पाण्यावर धरला. मीही बसले, गुपचूप. मोजून झाल्यावर म्हणाले, "एकोणीस. लिहा."

मी वही उघडली. आधी जुनं पान काढलं. ‘कुणीतरी’ खोडलं, तिथं माझं नाव लिहिलं. मग नव्या पानावर एकोणीस.