नाकाच्या शेंड्यावरचा चष्मा

मुलांची नक्कल करण्यापूर्वी आमचे एक शिक्षक चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणीत. चष्मा सरकला की सातवी ‘ब’चा वर्ग आधीच हसू लागे. आमच्या कळव्याच्या शाळेत ते गणित शिकवीत. मी मुख्याध्यापक होतो. एकदा मी हटकले, तेव्हा ते म्हणाले, “हसलं की मुलांचं डोकं उघडतं, सर. धाकानं नाही उघडत.” त्यांचा निकाल चांगला लागे. मी पुन्हा हटकले नाही.

हजेरी ते टोपणनावांनी घेत. उंच मुलगा ‘खाडीवरचा बगळा’, बुटकी मुलगी ‘पाव लिटर’. वाचकहो, तुम्हीही अशा वर्गात बसला असाल आणि आपली पाळी टळली म्हणून हसला असाल.

कृतिका अडखळत बोले. तिचे नाव पुकारताना ते तिच्यासारखीच मान झटकीत. “क... क... कृतिका.” सर्वांत मोठ्याने तीच हसे. तिची वृत्ती खिलाडू आहे, असे ते मला कौतुकाने सांगत. इतर तासांना तिने तोंड उघडणे सोडले होते. ते मला ठाऊक होते.

शिक्षक दिनी आमच्याकडे मुले शिक्षक होतात. आपली भूमिका त्यांनी मुद्दाम तिला दिली, गंमत म्हणून. तिने त्यांचा चष्मा मागून घेतला, नाकाच्या शेंड्यावर आणला आणि त्यांच्या आवाजात सगळी हजेरी घेतली. एकदाही अडखळली नाही. स्वतःच्या नावाशी मात्र थांबली, मान झटकली. “क... क... कृतिका.”

वर्ग लोटपोट झाला. संध्याकाळपर्यंत त्या हजेरीचा व्हिडिओ पालकांच्या मोबाइलवर फिरला. खाली हसरे चेहरे होते.

ते माझ्या खोलीत आले.

“मी असा दिसतो का हो, सर?”

“हो,” मी म्हणालो.

पुढे त्यांचा चष्मा कधी खाली सरकला नाही.

ते आता नाहीत. मला आठवतो तो एप्रिलमधला त्यांचा निवृत्तीचा समारंभ. त्यांनी स्वतः तिला उठवले. “कृतिका, बाळ, तू बोल. तुझ्या आवाजात.”

ती उठली. “स... स...”

मुले हसली. त्यांनी हात जोडले. “हसू नका रे.”

मुलांना त्यांची ही विनवणी नवी नक्कल वाटली. हसू दुप्पट झाले. ते हात जोडून तसेच उभे होते, आणि कृतिका खाली बसत सर्वांत मोठ्याने हसत होती.