सप्रे मास्तरांची परतीची वाट

सप्रे काका साइटवरून दिसेनासे झाले, तेव्हा आम्ही त्यांच्याच होणाऱ्या घरातल्या ओट्याच्या उंचीबद्दल बोलत होतो.

काकू म्हणाल्या, "ओटा जरा खाली घे सुनीता, खांदे दुखतात." मी नकाशावर तसं लिहून घेतलं आणि मान वर केली, तर शेजारची खुर्ची रिकामी. काका साइट ऑफिसात नव्हते, बाहेर नव्हते, गेटपाशीही नव्हते.

"अगं, आत्ता तर इथे होते," काकू म्हणाल्या. आवाज त्यांचा वाटतच नव्हता.

मजूर चारी बाजूंना धावले. काका सापडले जमिनीच्या सखल कोपऱ्यात. पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेतलेला, पाय पाण्यात, ओंजळीत पाणी, ओठ हलत होते. संध्या चालली होती. पुढे दोन पावलांवर पाणी छातीइतकं खोल होतं.

मी आर्किटेक्ट आहे. माझं काम मुख्यतः वसाहती आखण्याचं. जमिनीचा उतार कुठे आहे, पावसाचं पाणी कुठून येऊन कुठे जातं, जुनी झाडं कोणती, उन्हाळ्यात लू, म्हणजे गरम वारा, कुठून शिरते, हे आधी बघायचं आणि मग त्यात घरं बसवायची. ही जमीन वरुणा नदीच्या पलीकडची, पूर्वी भाजीच्या मळ्यांची. एका टोकाला कडुनिंब, जांभूळ, मोहाचं एक भलं मोठं झाड, आणि मधोमध सखल भाग. आजूबाजूचं सगळं पाणी तिथे जमायचं आणि हळूहळू नाल्यातून नदीकडे जायचं. बगळे यायचे, टिटव्या ओरडायच्या. आमचे बिल्डर पांडेजी त्याला 'गडही' म्हणायचे, म्हणजे डबकं. त्यांना ते बुजवून तिथे क्लब हाउस हवं होतं. बुजवलं तर पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल, हे मी त्यांना अनेक बैठकांमध्ये समजावलं होतं. शेवटी ते मानले होते. तळं राहणार होतं.

त्या दिवशी मात्र पांडेजी स्वतः धावत आले. काकांना हाताला धरून बाहेर काढलं, खुर्चीवर बसवलं, पाय पुसायला गमछा दिला. मग मला बाजूला घेतलं.

"मॅडम, आपका नेचर ठीक है. पर ये आदमी डूब जाता तो?"

मी तळ्याकडे पाहिलं. ते पुढे म्हणाले,

"या तो भरवा दीजिए, या आठ फुट की जाली लगाइए चारों तरफ. हमको जेल नहीं जाना है."

आठ फूट जाळीच्या आतलं तळं म्हणजे कुलूपबंद खोलीतला झोपाळा. पण पांडेजींचं काही चुकत नव्हतं.

खरा धक्का नंतर बसला. काकूंना रिक्षात बसवताना त्यांनी माझा हात धरला.

"सुनीता, ते पाणी बुजवून टाक बाई. मला तुझी झाडं-पक्षी सगळं कळतं. पण मी ह्यांच्यावर किती नजर ठेवू?"

काकूंना मी लहानपणापासून ओळखते. आमचं गंगेकाठी दुर्गाघाटावरचं घर त्यांच्याच गल्लीत. काका गणिताचे मास्तर. अर्ध्या मोहल्ल्याला त्यांनी बीजगणित शिकवलेलं, त्यामुळे मराठी असो की हिंदी बोलणारा, सगळ्यांचे ते मास्टर साहब. हल्ली मात्र त्यांना वाटा आणि माणसं आठवेनाशी झाली होती. मुलगा बंगळुरूला. भाड्याचं घर तिसऱ्या मजल्यावर, जिना उभा, काकूंचे गुडघे गेलेले. म्हणून त्यांनी आमच्या वसाहतीत तळमजल्याचं घर घेतलं होतं. आता तेच नको म्हणायची वेळ आली होती.

"काकू, मला थोडा वेळ द्या," मी म्हटलं. "आणि काका रोज सकाळी घाटावर जातात ना, एकदा मी येऊ का बरोबर?"

"ये की. ते काय कुणाला नाही म्हणणारेत?"

म्हणून मी गेले. काका पुढे, मी आणि काकू मागे. दार उघडून काका जे निघाले ते विचार न करता निघाले. गल्ली गंगेकडे उतरते, आणि पाय उताराला लागले की डोक्याला फारसं काम उरत नाही. वाटेत कुणी "मास्टर साहब, प्रणाम" म्हणे, काका हात वर करत. एका वळणावर ते थबकले. दहीवाल्याने काही न बोलता घाटाच्या दिशेने हात केला. काका चालू लागले. घाटावर भिंतीला धरून सावकाश उतरले आणि पाण्याला पाय लागले तिथेच, पायरीवर बसले. आचमन केलं. पुढे गेले नाहीत. पाण्यात उतरायचा हट्टही केला नाही.

"बसायला जागा मिळाली की बसतात," काकू म्हणाल्या. "तुझ्या साइटवर बसणार कशावर? चिखलात?"

परतताना जास्त अवघड. वर चढताना काका भलत्याच गल्लीत वळले. मी पुढे होणार, तेवढ्यात काकूंनी माझी ओढणी धरली. "थांब. बघ."

खालच्या मजल्यावरच्या खिडकीतून एका बाईचा आवाज आला, "मास्टर साहब, उधर नहीं." काका वळले आणि योग्य गल्लीला लागले. मी खिडकीत डोकावले. ती बाई परवलाची भाजी चिरत होती. तिने मान वर केलेलीच नव्हती.

"रोज सांगते ती," काकू म्हणाल्या. "उठत पण नाही कधी."

ऑफिसला येऊन मी माझा लेआउट काढला, म्हणजे वसाहतीत रस्ते, घरं, झाडं कुठे असतील त्याचा नकाशा. झाडं छान वाचवली होती. पाण्याची वाट राखली होती. पण एखादा म्हातारा माणूस सकाळी घराबाहेर पडला तर काय होईल, ते आता बोट फिरवून पाहिलं. तळ्याकडे जाणाऱ्या पायवाटा तिथेच संपत होत्या. परत फिरायचं तर माणसाला ते आठवायला हवं. सगळ्या गल्ल्या सारख्या दिसत होत्या. तळ्याचा काठ एकदम खोल होता. आणि तळ्याच्या बाजूला सगळ्या घरांच्या बाल्कन्या. स्वयंपाकघरं मागे, भिंतीकडे तोंड करून.

नवीन नकाशा करायला बसले, तेव्हा पहिल्यांदाच मला जमिनीचा उतार आणि काकांचे पाय एकत्र दिसत होते. तळ्याची घरांकडची बाजू उथळ केली, तिथे रुंद, बुटक्या दगडी पायऱ्या आणि धरायला एक कठडा. खोल पाणी पलीकडच्या टोकाला नेलं आणि मधे दाट पाणगवताचा पट्टा ठेवला. त्यातून माणूस सहज जात नाही आणि पाणीही गाळून निघतं. पायवाट तळ्याला वळसा घालून पुन्हा घरांपाशी येईल अशी केली. कुठेच बंद तोंडाची नाही. नुसतं चालत राहिलं तरी माणूस दारापाशी येणार. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वेगळं झाड. आणि स्वयंपाकघरांच्या खिडक्या पायवाटेकडे.

पायऱ्यांना पांडेजींनी हरकत घेतली नाही. खिडक्यांवर अडले.

"किचन सामने? ग्राहक को बालकनी चाहिए, मॅडम."

"सुबह बालकनी में कौन बैठता है, पांडेजी?"

"कोई नहीं. कपड़ा सूखता है."

"और किचन में?"

त्यांनी नकाशा स्वतःकडे ओढला. "हमारी मिसेज भोर से किचन में रहती हैं," मग म्हणाले. "कहती हैं, दीवार ताकते-ताकते उमर बीत गई."

खिडक्या मंजूर झाल्या. तळ्याबाबत मात्र अट घातली. एक पावसाळा बघायचं. पाणी पायऱ्यांच्या वर चढलं तर जाळी लागणार.

काठ आणि पायऱ्या बांधून झाल्या, आणि भाद्रपदात तो पाऊस आला. रात्रभर धो धो. सकाळी साइटवर पोचले, तर पायऱ्या दिसतच नव्हत्या. पांडेजी छत्री घेऊन काठावर उभे. मला पाहून त्यांनी फक्त पाण्याकडे बोट केलं.

तळ्याला आम्ही सांडवा ठेवला होता. पाणी ठरावीक उंचीला आलं की जादा पाणी तिथून नाल्यात निघून जायचं. मी चिखलातून तिथवर गेले. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या वाहत येऊन तोंडाशी अडकल्या होत्या. मजुरांनी त्या ओढून काढल्या, तसं पाणी सुटलं. दुपारपर्यंत सगळ्या पायऱ्या उघड्या पडल्या. पुढच्याच आठवड्यात सांडव्याचं तोंड वीतभर खाली घेतलं, पुढे कचरा अडवायला फटी ठेवून दगड रचले. त्यानंतर पुन्हा तसाच पाऊस झाला. पलीकडच्या कॉलनीतली माणसं चपला हातात घेऊन रस्ता पार करत होती. आमचं तळं तुडुंब होतं, पण वरच्या पायऱ्या कोरड्या.

पांडेजींनी कोरड्या पायरीवर बूट आपटून पाहिला आणि फोन लावला. "जाली वाला ऑर्डर रोक दो."

काका-काकूंना मी त्यानंतर घेऊन आले. काकूंनी काकांना काठावर बसवलं आणि आधी स्वतः लुगडं सावरून उतरल्या. पाणी घोट्यापर्यंत. आणखी एक पायरी. पोटरीपर्यंत.

"इथे तर मी पण बुडत नाही," त्या म्हणाल्या. हसल्या आणि मग डोळ्यांना पदर लावला.

ते राहायला आले त्याला आता बरेच महिने झाले. सुरुवातीला त्रास झाला. काका दोनदा दुसऱ्याच्याच घरात जाऊन बसले. त्या घरच्या मुलीने चहा दिला आणि काकूंना फोन केला. मग एकेका खिडकीला सवय झाली. इथे त्यांचा विद्यार्थी कुणी नाही, तरी हळूहळू सगळे मास्टर साहब म्हणायला लागले. काही दिवस कुणाला हाक मारावी लागत नाही. काही दिवस तीन-तीन खिडक्यांतून मारावी लागते.

गेल्या हिवाळ्यात मी पाणगवताची छाटणी बघायला गेले होते. काका पायऱ्यांवर ऊन खात बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी मला ओळखलं नाही. पण माणूस दारी आलं की विचारायचं ते विचारलं.

"चहा घेतलात?"

"नाही अजून."

"मग चला. आमचं घर जवळच आहे."

ते उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कठड्याला धरून वर आले आणि मला मागे घेऊन पायवाटेने निघाले. मधे एकदा थांबले. मीही मागे थांबले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पुन्हा चालू लागले आणि बरोबर आपल्या दारापाशी येऊन उभे राहिले.

काकूंनी दार उघडलं. काका त्यांना म्हणाले, "बाई, पाहुणे आलेत. ह्या घरच्या मालकिणीला सांगा जरा, चहा ठेवायला."

मला कुठे बघावं कळेना. काकूंनी मात्र हसून "सांगते हं" म्हटलं आणि चहा ठेवला. मी ओट्यापाशी जाऊन उभी राहिले.

"मला कधी ओळखतात, कधी नाही," दुधाचं पातेलं पुढे ओढत त्या म्हणाल्या. "पण येतात घरीच."

आता पांडेजींच्या जाहिरातीत आमच्या गडहीचं नाव 'कुंड व्ह्यू' आहे. त्याबद्दल मला विचारलं नव्हतं. मी मात्र एक सवय लावून घेतली आहे. वसाहतीचं नवीन काम आलं की जमीन, पाणी, झाडं बघतेच. पण पेन्सिल उचलायच्या आधी विचारते, इथे राहायला येणाऱ्यांपैकी सगळ्यात म्हातारं माणूस कोण, आणि ते सकाळी उठून कुठे जातं. बहुतेक क्लायंटना हे माहीत नसतं. त्यांना मी घरी जाऊन विचारून यायला सांगते.