फिरतीवरची माणसं

हरणी भागातला आमचा फ्लॅट सुटला तेव्हा आमच्याकडे उरली ती नवऱ्याची जुनी व्हॅन. मागची सीट काढून गादी घातली, खिडक्यांना माझ्या साड्यांचे पडदे लावले आणि एका मैदानाच्या भिंतीलगत राहू लागलो. सात महिने. मी त्याला राहणंच म्हणते, मी तिथे रोज कुकर लावत होते.

निजामपुऱ्यातल्या माझ्या दादाला मात्र ते सहन होईना. आमच्या घरात आजोबांपासून सरकारी नोकऱ्या, त्यामुळे फिरतीवर असणं म्हणजे मोठा मान. कोणी आमची चौकशी केली की दादा ऐटीत सांगायचा, "ते सध्या फिरतीवर असतात." वहिनीच्या हळदीकुंकवाला बायका मला विचारायच्या, "यंदा कुठे कुठे जाऊन आलात?" मीही दादाची अब्रू म्हणून थापा मारायची. न पाहिलेल्या द्वारकेचं मी इतकं वर्णन केलं की दोघीजणी तिकडे निघाल्या.

मग एका शाळेत मला आयाची नोकरी मिळाली. फक्त पोलीस पडताळणी बाकी होती. दादा आपणहून म्हणाला, "माझा पत्ता दे. सख्खी बहीण तू, विचारायचं काय त्यात?" मला भरून आलं. पडताळणीच्या आठवड्यात मी दिवसभर त्याच्याकडेच थांबायची.

पोलीस आला तेव्हा मी स्वयंपाकघरात गवार मोडत होते. जिन्यात शेजारी डोकावत होते. "आ बेन अहीं रहे छे?" मी इथे राहते का, असं त्याने गुजरातीत विचारलं.

"ना, ना," दादा म्हणाला, "ए लोको तो टूर पर होय छे." तेच ते, फिरतीवर असतात.

मी बाहेर आले. दादाने माझ्याकडे बघितलं आणि पोलिसाला सांगितलं की ही आजच भेटायला आली आहे. पोलिसाने कागदावर तसं लिहून घेतलं. माझा खरा पत्ता म्हणजे ती भिंत.

"अगं, तुझीच लाज राखली," तो गेल्यावर दादा म्हणाला. "इथे राहते म्हटलं असतं तर सगळे म्हणाले असते, घर गेलं म्हणून भावाकडे येऊन पडली."

माझ्यासाठी एक साधं खोटं त्याच्या तोंडून निघालं नाही. मी त्याला अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

व्हॅनपाशी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. शाळेच्या पगाराच्या भरवशावर आम्ही भाड्याची एक खोली बघून ठेवली होती. त्याने मालकाला फोन लावला आणि ती दुसऱ्या कोणाला देऊन टाका म्हणून सांगितलं.