मिश्रीचं कुणी इचारलंच न्हाई

“टाक्यांच्या कडेची कातडी काळी पडलीय,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “याला नेक्रोसिस म्हणतात. रक्त न पोचल्यानं कातडी मरते. तुम्ही तंबाखू खाता का?”

“न्हाई म्हणून किती डाव सांगू?” मी खेकसले.

कॅन्सरपायी माझी डावी छाती काढली अन् त्याच ऑपरेशनात आत इम्प्लांट बसवलं, म्हणजे सिलिकॉनची मऊ पिशवी. आमच्या गावात, कुरुंद्यात, बाया कुजबुजल्या, “या वयात नखरे काहून?” मला माझं अंग पहिल्यासारखं पाहिजे होतं, त्यांच्या बापाचं काय जात होतं? आता काळी कड पसरली तर पिशवी उघडी पडणार, अन् काढावीच लागणार.

अन् पथ्य मी बराबर पाळलं होतं. ऐन हळद काढणीत एक टोपलं उचललं न्हाई. जखमेतलं पाणी काढणारी नळी, ड्रेन म्हणतात ती, तिला धक्का लागू दिला न्हाई. एक गोळी चुकवली न्हाई. मग माझंच असं काहून?

तेवढ्यात जाऊबाई जेवण घेऊन आल्या. मायेनं कंबरेची डबी काढून म्हणाल्या, “घे, तोंड आंबलं असंल. दात घास.”

डॉक्टरीणबाईंनी डबी हातात घेऊन वास घेतला. “हे काय?”

“मिश्री.”

“अहो, हा भाजलेला तंबाखूच आहे!” त्यातलं निकोटिन हिरड्यांतून रक्तात जातं, बारीक नसा आवळतं, म्हणून ऑपरेशनच्या आधी अन् नंतरही काही आठवडे ते बंदच पाहिजे, असं त्यांनी सांगितलं.

माझं डोकंच फिरलं. “मग मिश्री लावता का, असं इचारायचं की! तंबाखू गडीमाणसं खातात. मिश्रीनं आमी दात घासतो. कोणत्या घरात डबी न्हाई आमच्याकडं?”

त्यांनी डबी जाऊबाईंच्या हातात परत दिली. मग म्हणाल्या, “विचारायला हवं होतं. चूक आमची.”

जाऊबाईंनी रडत डबी कचऱ्यात टाकली. मिश्रीवाचून माझं डोकं ठणकायचं, मी दिसंल त्याच्यावर ओरडायची. काळी कड कापून पुन्हा टाके घातले. पिशवी वाचली. डॉक्टरीणबाईंचे उपकार हायेत, राग बी हाये. दोन्ही ऱ्हाऊ द्या.

टाके काढायला गेले, तर शेजारी साखरा गावची एक बाई बसलेली. तिचं हेच ऑपरेशन व्हायचं होतं. नर्सनं इचारलं, “सिगारेट? तंबाखू?”

“न्हाई, बाई.”

मी मधीच तोंड घातलं. “अगं, सकाळी दात कशानं घासतीस?”

“मिश्रीनं,” ती म्हणाली. “काहून?”