धार्मिक नसलेल्या माणसाचं गाऱ्हाणं

नास्तिक माणसाचा मृत्यू ही त्याच्या विचारांची शेवटची आणि सर्वांत कठोर कसोटी असते, असं मी पूर्वी व्याख्यानांतून ठासून सांगत असे. मोहन परबच्या बाबतीत ही कसोटी त्याची थोरली बहीण शीव कोळीवाड्याहून टॅक्सीने येईपर्यंत टिकली. सकाळीच त्याच्या बायकोचा, सुलभावहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे गेले. झोपेतच… तुम्ही जरा लवकर या. शालूताई निघाल्यात." मी दादरहून डिलाईल रोडच्या चाळीत पोचलो, तेव्हा शालूताई वाकून मोहनच्या ओठांत तुळशीचं पान ठेवत होत्या. वहिनींनी ते पाहिलं, आणि पाहिलं नाही असं दाखवलं. मेल्यावर कसलेही विधी नकोत, दहावा नको, बारावा नको, असं मोहनने आम्हा दोघांना बजावलं होतं. मी नुसती मान डोलावली होती. वहिनींनी त्याचा हात हातात घेऊन शब्द दिला होता.

मोहन आणि मी लहानपणापासूनचे मित्र, त्याच चाळीत वाढलो. तो माझगावच्या गोदीत वेल्डर झाला, मी कॉलेजात शिकवायला लागलो आणि दादरला राहायला गेलो. चाळीत त्याची ओळख करून द्यायची एक ठरलेली रीत होती : "तसो धार्मिक नाय हा, पण देवमाणूस!" या 'पण'चा त्याला फार राग. तो म्हणायचा, "तू तबला वाजवत नाहीस. मग तुझी ओळख करून देताना कोणी सांगतं का, हे तबला वाजवत नाहीत, पण चांगले आहेत?" धार्मिक नाही म्हणजे नेमकं काय, हे मात्र कोणी त्याला विचारलं नाही. मीही नाही, मला ते ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. मी देव मानत नव्हतो म्हणजे गणपतीत पाचगणीला जात होतो. मोहनला तशी सोय नव्हती. धार्मिक माणसांच्या घरात राहून धार्मिक नसणं हे कष्टाचं काम आहे. संकष्टी कधी आहे, हे त्याला वहिनींच्या आधी ठाऊक असे, कारण त्या दिवशी मासळी आणायची नसे. त्यांच्या पूजेची फुलं रोज तोच आणायचा. "तिचा देव, माझे पाय," म्हणायचा.

आणि गाऱ्हाणं त्यालाच घालावं लागे. आमच्या कोकणातली ही पद्धत. आरती झाली की एकाने देवापुढे उभं राहून सगळ्यांच्या वतीने खणखणीत आवाजात मागणं मागायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी "होय म्हाराजा!" म्हणायचं. चाळीच्या गणपतीत मोहनचे वडील ते घालत. ते गेल्यावर त्यांचा आवाज फक्त मोहनकडे आला होता, त्याला इलाज नव्हता. तो उभा राही आणि कागदाशिवाय एकेका बिऱ्हाडाचं दुखणं सांगत जाई. तिसऱ्या माळ्यावरच्या नळाला पाणी येऊ दे, कोपऱ्यातल्या खोलीतल्या पोरीचं लग्न ठरू दे, चाळीच्या जाग्यावर जो कोणी डोळा ठेवून आहे त्याचा डोळा दुसरीकडे वळव. वर्षभर एकमेकांशी न बोलणारे शेजारी एकमेकांच्या नळासाठी "होय म्हाराजा" म्हणत. मी एकदा डिवचलंच, "काय रे, देवाशी बोलतोस वाटतं?" तर म्हणाला, "देवाशी खय बोलतंय? मी ह्यांच्याशी बोलतंय. देव मदी बसलोहा, तर बसांदे."

एका वर्षी मात्र त्याने साफ सांगितलं, यापुढे नाही. आपण मानत नाही त्या देवापुढे दरवर्षी उभं राहायचं, ही फसवणूक आहे. देवाची नसली तरी स्वतःची. आरती संपली, सगळे खोळंबले, मोहन आपल्या खोलीत कडी लावून बसला. तेव्हा पहिल्या माळ्यावरच्या मालूमावशी काठी टेकत वर आल्या. त्यांचा मुलगा घर सोडून गेलेला, त्याचा विषय चाळीत कोणी काढत नसे. दाराबाहेरून म्हणाल्या, "मोहना, तू देवाक मानू नको रे. पण मगे माझ्या झिलाचा नाव कोण घेतलो?" मोहनने कडी काढली. नंतर मला म्हणाला, "अडकलो रे. देव नाहीच, तर राजीनामा कोणाकडे देऊ?"

तो गेल्यावर वहिनींनी दहावा होऊ दिला नाही. मग शालूताई एक पाऊल मागे आल्या : विधी नकोत तर नकोत, बाराव्या दिवशी चाळीला नुसतं जेवण घालू. जेवणाला नाही कसं म्हणणार? पानं वाढून झाली, आणि ताई हात मागे घेऊन बसल्या. "मोहनाचा गाऱ्हाणा होयसर मी घास घेवचंय नाय." त्या जेवत नाहीत म्हणून कोणीच जेवेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मला येत नाही. हे खरं होतं, आणि सोयीचंही. मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं. बायकांनी गाऱ्हाणं घातल्याचं चाळीत कोणी ऐकलं नव्हतं. मी त्यांना गॅलरीत नेऊन म्हणालो, "वहिनी, तुम्ही त्याला शब्द दिलाय." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले सुटून. मला इथेच राहायचंय…"

आत जाऊन त्या देव्हाऱ्यापुढे उभ्या राहिल्या. पदर खोचला.

"बा देवा म्हाराजा…"

"होय म्हाराजा!"

"ह्या माणसान तुका कधी मानूक नाय. तरी वर्साक एकदा तुझ्याफुडे उभो रवान सगळ्यांचा दुखणा सांगल्यान."

"होय म्हाराजा!"

"आता तेका सोड. थयसर तेका आरतीक उभो करू नको. तेच्याकडसून गाऱ्हाणा घालून घेव नको. तेचो आत्मो, मोक्ष, काय एक इचारू नको. तेका निजांदे, म्हाराजा."

देवाकडे असं मागणं मागतात का, हेच कोणाला माहीत नव्हतं. सगळ्यांत आधी शालूताईंचा आवाज आला, चिरका, रडका : "होय म्हाराजा." मग खोलीभर. माझाही.

पानांतला भात तोवर गार झाला होता. तोच आम्ही जेवलो. वहिनींनी शब्द मोडला की पाळला, यावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. एखाद्याला धार्मिक नव्हता असं म्हणताना आपण त्याने काय नाकारलं ते सांगतो. त्याला काय नाकारता आलं नाही, ते राहूनच जातं. मोहनच्या बाबतीत ते अख्खी चाळ होतं.

परवा चाळीच्या गणपती मंडळाची बैठक झाली. यंदापासून गाऱ्हाणं सुलभावहिनींनी घालायचं, असं एकमताने ठरलं. वहिनी बैठकीला नव्हत्या.