राब विझवणारी रंगूनवाली

मी तोंडाची फटकळ, हे सगळ्या कुंभिवलीला ठाऊक हाय. म्हणून आधीच सांगून टाकते, माझ्या भावजयीला गावात सगळ्यात जास्त नावं कुणी ठेवली असतील तर ती मी, जनानं.

माझा धाकटा भाऊ गजा मुंबईच्या गोदीतून आगबोटीवर चढला तो थेट रंगूनला गेला आणि तिथं तांदळाच्या गिरणीत लागला. आठ वर्षं घराकडं फिरकला नाय. माझा नवरा गेला, मी माहेरी परत आले, आणि मी नि माझी आय सोनुबाई, दोघीच शेत ओढत होतो. सत्तावीस सालच्या माघात गजा एकदाचा खोपोलीला गाडीतून उतरला. एकटा नाय. पाठीमागं एक ठेंगणी, गोरीपान पोर. लुगडं नाय, कमरेला नुसतं रेशमी फडकं गुंडाळलेलं, आणि दोन्ही गालांवर कसलासा पिवळट लेप.

"बाय, ही मा टिन. माझी बायको," गजा म्हणाला.

"बायको? कुणी लावली हळद? कुणी टाकल्या अक्षता?" मी जी सुटले ती सुटलेच. त्या पोरीला आपल्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी शिव्या देतेय आणि ती माझ्याकडं बघून गोड हसतेय! असा संताप आला म्हणून सांगू!

 आयनं पडवीत घोंगडी टाकली. "हिनं हितं राहायचं. चुलीपाशी यायचं नाय."

गजाचं डोकंही आयचंच. "माझ्या बायकोला चूल नाय तर मला घर नाय, आये. पेरणीपर्यंत बघतो. तवर तू हिला आत घेतलं नायस, तर आमी दोघं परत रंगूनला."

आयनं तोंड फिरवलं. आठ वर्षांनी लेक डोळ्यांना दिसला आणि तो परत जायची भाषा करतो! पण मी मनात म्हटलं, जाईल कुठं, येईल वठणीवर.

दोन महिने गेले. मा टिन पडवीत जेवायची, पडवीत निजायची. मी तिला लुगडं नेसवलं. कासोटा सुटायचा, ती "वन्सं, वन्सं" करत माझ्यामागं धावायची आणि सगळी आळी दात काढायची. एक मात्र खरं, काम कसलंही सांगा, नाय म्हणायची नाय. सुकट भाजायला घेतली की पडवीतून मान लांब करून वास घ्यायची. त्यांच्याकडं म्हणे याच्याहून उग्र काहीतरी खातात.

चैत्रात राबाचं काम निघालं. भाताचं रोप जिथं टाकायचं त्या तुकड्यावर आमी आधी शेण पसरतो, वर ऐनाच्या झाडाचे टहाळ, वाळक्या पानांचा पातेरा, गवत, आणि सगळ्यावर मातीचा थर. मग ते सगळं भाजायचं. भाजलं नाय तर रोप पिवळं पडतं आणि तणाचं रान माजतं. महिनाभर आमी भारे वाहिले. मा टिननंही वाहिले. पण शेवटी याला काडी लावायची हाय, हे तिला कुणी सांगितलं नाय. ही काय सांगायची गोष्ट झाली? आमच्याकडं रांगतं पोरसुद्धा राब बघून मोठं होतं. गजाला तरी सुचावं, तर तोही त्याच मातीतला.

गावात पहिला राब आमचाच पेटला. गजा चौक गावी लोहाराकडं नांगराचा फाळ शेवटायला, धार लावून घ्यायला गेला होता. मा टिनला घरी ठेवून आयनं आणि मी सकाळी वाऱ्याच्या उलट अंगानं आग लावली, हळूहळू धुमसायला लागल्यावर आमी पलीकडच्या खाचरात गवत काढायला गेलो. राब पळून का जातोय?

परत येऊन बघतो तर तुकड्यात चिखल! अर्धे टहाळ ओढून बाहेर फेकलेले, विहिरीपासून पाण्याची धार लागलेली, आणि मधोमध मा टिन. तोंड काळं, लुगडं जळकं, हातात रिकामा हंडा. आमाला बघून केवढी फुलली!

"आत्या! आग नाय! आग नाय आता!" ती सासूला ओरडून सांगायला लागली.

"अगं अवदसे!" मी किंचाळले. "महिन्याच्या कामावर पाणी ओतलंस की गं! खाऊ काय आमी आता, तुझं डोंबल?"

तिचं हसू गेलं. आपण काहीतरी भयंकर केलंय एवढं तिला माझ्या आवाजावरनं कळलं. आय बांधावर मटकन बसली. माणसं जमली. त्यात गावातले जुने मालोजीकाका होते. ते म्हणाले, "सोनुबाय, हे लक्षण बरं नाय. धाड हिला हिच्या मुलखात."

"बराबर बोलतात काका," असं कोण म्हणालं असेल? मीच. खोटं कशाला बोलू?

तेवढ्यात गजा आला. त्यानं राब बघितला, बायकोकडं बघितलं, सगळ्यांची तोंडं बघितली. "पेरणीपर्यंत थांबायचं कारण नाय," तो म्हणाला. "उद्याच निघतो आमी." आणि त्यानं मा टिनचा हात धरला. ती कळवळून ओरडली.

आय उठली. तिनं तो हात आपल्या हातात घेऊन उलटा केला. तळव्याची कातडी सोलवटली होती. दुसराही तसाच. मग आयनं खाली वाकून तिचे पाय बघितले. मला बघवेना.

"मालोजी," आय म्हणाली, "तीन महिने हिला मी पडवीत जेवायला वाढलं. चुलीला शिवू दिलं नाय. आणि हिला वाटलं, आमचं शेत जळतंय, तर ही नुसत्या हातांनी धावली. परक्याच्या शेतासाठी कुणी एवढं भाजून घेतं का? तूच सांग."

मालोजीकाकांनी पागोटं सारखं केलं आणि वाट धरली. आणि मी? मला रडू फुटलं. घरचं शेत वाचवायला आली म्हणून मी हिला अवदसा म्हटलं होतं.

वाडीवरची सोमी आमच्याकडं कामाला यायची, तिनं कोरफड आणून हातांना बांधली. रानात पातेरा कुठं शिल्लक हाय ते तिलाच माहीत. गजानं जायचं पेरणीपर्यंत पुढं ढकललं. सोमी, गजा आणि मी, तिघांनी मिळून दहा दिवसांत राब पुन्हा रचला. मा टिन ऐकेना. हात बांधलेले, तरी डोक्यावर भारा द्या म्हणून हटून बसायची.

भाजायच्या दिवशी आयनं पेटती चूड तिच्यापुढं धरली. "लाव."

ती घाबरून माझ्याकडं बघायला लागली.

"लाव गं बाय," मी म्हटलं, "फक्त मागनं हंडा घेऊन येऊ नको म्हणजे झालं!" गजानं तिला ते समजावलं आणि ती एवढी हसली की चूड पडता पडता राहिली.

घरी आल्यावर आय चुलीपासून उठली, बाजूला झाली आणि म्हणाली, "ये, आत ये. आज भाकऱ्या तू थाप."

तांदळाची भाकरी म्हणजे भल्याभल्यांची फजिती, आणि हिचे तळवे तर नुकते भरून आलेले. पहिली तुटली. दुसरी एका अंगानं करपली, दुसऱ्या अंगानं कच्ची राहिली. मी तोंड उघडणार, तर आयनं असे डोळे वटारले की मी गप. गजा दारात उभा होता, आत यायचं त्याला सुचत नव्हतं.

आयनं ती भाकरी मोडली, सुकटीच्या कालवणात बुडवून शेवटच्या घासापर्यंत खाल्ली आणि ताट पुढं सरकवलं.

"सूनबाय," ती म्हणाली, "अजून एक वाढ."