दाजींनी राखलेला फ्रिज

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, एका औषध कंपनीच्या गोदामावर जन्मभर नोकरी करून निवृत्त झाले. गोदामाने त्यांना सोडलं, त्यांनी गोदामाला सोडलं नाही. साखरेचा डबा उघडायचा तरी आधी झाकणाकडे संशयाने बघतात. इतका दक्ष आणि इतका निरुपयोगी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, पाहायची इच्छाही नाही.

अशा माणसाला कळलं की दुरुस्तीसाठी शुक्रवारी सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीज बंद राहणार आहे. दाजींच्या अंगातच आलं. कितीतरी दिवसांनी कोणीतरी त्यांना काम दिलं होतं! आधी त्यांनी मेणबत्त्या आणल्या. वीज जाणार भर दिवसा, आणि हा पठ्ठ्या पिशवीभर मेणबत्त्या घेऊन आला. मग पाणी. बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला, फुलदाणीसुद्धा भरली.

शुक्रवारी सकाळी मी ताईकडे पोचलो. तिनेच बोलावलं होतं. "ये बाबा, ह्यांच्यावर लक्ष ठेवायला कोणीतरी हवं." मी चहा मागितला.

"कशात करू? तुझ्या डोक्यावर?" ताई म्हणाली. "घरात एक भांडं रिकामं असेल तर शपथ."

"पाणी घ्या की, मेहुणे," दाजी उदारपणे म्हणाले. "पाण्याला तोटा नाही."

ताईचा जीव मात्र फ्रिजमध्ये अडकला होता. ती घरी केक करते. आजवर शेजारपाजारचे वाढदिवस व्हायचे. या वेळी पलीकडच्या रस्त्यावरच्या सभागृहाच्या मालकीणबाईंनी नातवासाठी तीन मजली क्रीमचा केक सांगितला होता. संध्याकाळी त्या स्वतः न्यायला येणार होत्या. आवडला तर सभागृहातल्या सगळ्या समारंभांचे केक ताईकडे. क्रीम वितळलं तर पुन्हा आपले शेजारीपाजारी.

"फ्रिज माझ्या ताब्यात," दाजींनी जाहीर केलं.

"घ्या ताब्यात. पण उघडू नका हो. गारवा निघून जाईल."

"हे तू मला सांगतेस? अगं, आयुष्य गेलं माझं सील लावण्यात!"

वीज गेली. दाजींनी फ्रिजच्या दाराला आडवी-उभी चिकटपट्टी मारली, तिच्यावर सही ठोकली, आणि समोर खुर्ची टाकून बसले. हे दृश्य पाहून क्षणभर मलाही त्यांच्याबद्दल आदर वाटला. फार टिकला नाही. पेपरची घडी मोडून होते न होते तोच दाजी उठले, त्यांनी पट्टी टर्रकन काढली आणि दार उघडून आत डोकं घातलं.

"अहो दाजी, काय करताय?"

"तपासणी. सील लावलं की माल तपासायचाच असतो, मेहुणे. नाहीतर सीलला अर्थ काय?"

माल म्हणजे केकचं भलंमोठं पांढरं खोकं. ते जागेवर होतं. दाजींनी हवेत हात हलवून गारवा अजमावला, समाधानाने मान डोलावली, दार लावलं, नवी पट्टी, नवी सही. हाच कार्यक्रम दिवसभर चालला. पट्टीचं एक रीळ संपलं, दुसरं निघालं. मी सांगून दमलो. दर खेपेला दाजी आत हात हलवायचे आणि म्हणायचे, "थोडा कमी वाटतोय. लक्ष ठेवायला हवं." आणि लक्ष ठेवण्यासाठी लगेच पुन्हा उघडायचे! दुपारी आतलं दूध नासलं. "दूधवाल्याकडूनच खराब आलं," दाजींनी निकाल दिला. मला केकच्या काळजीने घाम फुटला होता आणि ताई मात्र निवांत भाजी निवडत होती. मला वाटलं, हिने हाय खाल्ली.

संध्याकाळी मालकीणबाई आल्या. दाजींनी खुर्ची जराशी मागे सारली, शेवटचं सील समारंभपूर्वक कापलं आणि दोन्ही हातांनी खोकं उचललं. ते इतकं हलकं निघालं की दाजी मागच्या मागे खुर्चीतच बसले. झाकण उघडलं. आत काहीच नाही.

"मी... मी इथून हललो नाही," दाजी खुर्चीतूनच म्हणाले. चेहरा पार उतरला. मालकीणबाई एकदा खोक्याकडे, एकदा दाजींकडे बघत राहिल्या.

तेवढ्यात कोपऱ्यावरचा आइसक्रीमवाला धापा टाकत जिना चढून आला. हातात खोकं, खोक्यात केक, तीनही मजले शाबूत. त्याच्या दुकानात जनरेटर. दाजी सकाळी फुलदाणी भरत असताना ताई केक तिथे ठेवून आली होती.

मालकीणबाईंनी क्रीमचं एक टोक चाखलं आणि तिथल्या तिथे पुढच्या महिन्याचे सगळे केक ताईला सांगून टाकले. त्या गेल्यावर दाजी हळूच म्हणाले, "मला सांगायचंस तरी."

"सांगितलं असतं तर त्या बिचाऱ्याचा फ्रिज उघडत बसला असतात."

दाजींनी मान डोलावली. मला वाटलं, शहाणा झाला माणूस. थोड्या वेळाने त्यांनी चपला पायात सरकवल्या.

"कुठे निघालात?" ताईने विचारलं.

"आता केक सारखे तिकडे ठेवणार ना तू? त्याच्या फ्रिजचं झाकण घट्ट बसतं का, एकदा पाहून येतो."

आणि उरलेलं रीळ खिशात घालून ते जिना उतरले.